एकावर एक बसलेल्या सह्या

अंबाजोगाई,
भाऊबीज, १९९८

मृत्युंजयदादा,

तू बंगलोरला साहेब झालास, तेव्हापासून बाबांचा फोटो स्टुडिओ मीच बघते. हल्ली पुण्याचे शौकीन लोक अंतराळवीरांच्या सहीचे फोटो माझ्याकडं तपासायला पाठवतात, सही हातची की सह्या करायच्या मशीनची ते बघायला. दोन सह्यांच्या निगेटिव्ह काढायच्या आणि खाली बल्ब असलेल्या काचेवर एकावर एक ठेवायच्या. माणसाचा हात दर वेळी थोडा हलतोच. सह्या तंतोतंत बसल्या, तर त्या मशीननं केलेल्या.

आज तुझं भाऊबीजेचं कार्ड आलं. लई आठवण आली, म्हणून तुझी हॉस्टेलवरची जुनी पत्रं काढली आणि त्यातल्या सह्या काचेवर लावल्या. एकही दुसरीवर बसली न्हाई. ऊर भरून आला. मग तीन वर्षांची कार्डं लावली, तर तिन्ही सह्यांची एकच सही झाली. तुझ्या हाफिसात माझ्या भाऊबीजेवर शिक्का कोण मारतं रे? विचारलं असतं, पण हे पत्र टाकायची न्हाई मी.

पाकिटावर माझं नाव तेवढं शाईनं लिहिलेलं असतं. ते तुझंच अक्षर, असं धरून चालले होते. आता परत बघायचा धीर न्हाई. तिन्ही पाकिटं पालथी घालून ठेवलीत.

अजून हात हलणारी तुझी धाकटी,
रुद्राणी