शनिवारचा पेला

मुरलीपुरा, जयपूर
१५ एप्रिल २००४

तीर्थरूप बाबांना,
गौतमीचा सप्रेम जय भीम.

वि. वि. काल जयंती झाली. इथली आपली पंधरा-वीस रेल्वेवाली घरं जमली, भाषणं झाली, खीर झाली. पण भुसावळची मिरवणूक आठवत होती, माझं लक्ष कशातच नव्हतं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही; मी ओरडते आणि तुम्ही भलतंच उत्तर देता. म्हणून हे पत्र.

एक अडचण आहे. शमिका अकरा वर्षांची झाली आणि तुमच्या नातीला आता दर शनिवारी घरी पिझ्झा लागतो. बेकरीतून तयार बेस आणते, वर टोमॅटोचा सॉस, कांदा, ढोबळी मिरची, भरपूर चीज, की गोल ओव्हनमध्ये भाजते. पिझ्झा जमतो हो, त्याच्यासोबत प्यायला काय द्यावं ते जमत नाही. बाटलीतल्या कोल्यानं पोरीचं पोट फुगतं. लस्सी केली, तर सगळे सात वाजताच पेंगायला लागले. जलजीरा केला, तर मसाल्यावर मसाला. तुम्ही तीस वर्षं रेल्वेच्या रनिंग रूमचे खानसामा. ड्युटी संपवून आलेल्या ड्रायव्हरच्या ताटात काय आहे ते बघून त्याचा पेला भरायचात. आता लेकीसाठी एवढं सांगा.

खरं तर इथे येऊनच दाखवा. आईला जाऊन तीन वर्षं झाली, एकटे कशासाठी राहता? जावयाकडे बसून खाणार नाही म्हणता, तर नका बसू, सरबतं करा! ह्यांचंही तेच म्हणणं आहे.

उत्तर लवकर पाठवा. माझ्यावरची माया आहे तशीच असू द्या.

तुमची
गौतमी


भुसावळ
२४ एप्रिल २००४

चि. गौतमीस,
अनेक आशीर्वाद. रणजीतरावांना जय भीम, शमिकाला गोड पापा.

पत्र पोचलं. जो पदार्थ कधी खाल्ला नाही त्याबद्दल मी तोंड उघडत नाही. म्हणून शेजारच्या हणमंतरावांना घेऊन बेकरी गाठली, बेस आणले, आणि तव्यावर झाकण ठेवून तुझा पिझ्झा केला. हणमंतराव म्हणाले, ही तर भाकरीवर भाजी सांडली आहे. पण नावं ठेवत ठेवत दोन खाल्ले गड्यानं.

आता नीट वाच. चीज तुपकट आणि खारट, सॉस आंबट. कैरीचं पन्हं दिलं तर आंबटावर आंबट होतं, मठ्ठा दिला तर दुधावर दूध. दोन्ही करून पाहिलं, दोन्ही ओतून दिलं. तोंडात बसलेला तुपकटपणा निघायला तिखट हवं, पण मिरचीचं नको. म्हणून आलं. बोटभर आलं किसून पिळायचं. त्यात गुळाचं पाणी, अर्धं लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सैंधव. पेल्यात हे दोन बोटं घ्यायचं आणि वरून गार सोडा. सोडा शेवटी, आणि नंतर ढवळायचं नाही, नाहीतर त्याचा जोर जातो.

येण्याचं म्हणशील तर ते राहू दे. जन्मभर मी दुसऱ्यांना वाढलं. कुणीतरी वाढणार आणि मी बसून खाणार, ही सवय मला नाही, आणि जावयाच्या घरी तर मुळीच नाही. एका सरबतासाठी माणूस बोलावतात काय? लिहिलंय तसं कर. कसं झालं ते मात्र नक्की कळव.

तुझा
बाबा


जयपूर
४ मे २००४

तीर्थरूप बाबांना,
सप्रेम जय भीम.

सरबत बिघडलं. शनिवारी केलं, रविवारी पुन्हा केलं आणि दोन्ही वेळा अगदी फिकं, अळणी झालं. आल्याची चवच लागत नाही. शमिकानं तर तोंडसुद्धा लावलं नाही. लहानपणी रनिंग रूमच्या ओट्याशी मी स्टुलावर उभी राहून तुमचे हात बघत बसायचे, तरी मेलं जमत नाही. तुमच्या हाताशिवाय ते व्हायचं नाही, हे आता मी मान्य केलं आहे. तुम्हीही करा.

इथे ऊन असं आहे की दुपारी गल्लीत कुत्रंही दिसत नाही. कूलरसमोर बसते आणि तुम्ही काय जेवला असाल, जेवला तरी असाल का, तेच डोक्यात फिरतं. बाबा, मला तुमची फार आठवण येते. निमित्तं पुरे झाली, या ना.

आशीर्वाद असू द्यावा.

तुमची
गौतमी


जयपुर
९ मे २००४

आदरणीय आजोबाजी,
जय भीम.

माझी मराठी कच्ची आहे, हसू नका. मम्मीला माहीत नाही मी पत्र लिहिते. पापांनी पत्ता लिहून दिला.

मम्मीने तुम्हाला खोटं लिहिलं. शरबत एकदम छान बनतं. मतलब माझ्या फ्रेंड्सनी दोन दोन ग्लास घेतले. मम्मी आल्याचा रस अर्धा तास वाटीत ठेवते, हात लावू देत नाही. खाली सफेद बसतं ते फेकते, वरचं घेते.

अजून एक गोष्ट. शनिवारी मम्मी एक ग्लास जास्त भरते. तो स्टीलचा, ज्याच्यावर भुसावळच्या आजीचं नाव आहे, विमल. तो कोणी घेत नाही. सोड्याचे बबल्स संपतात, मग पापा पिऊन टाकतात. तेव्हा मम्मी किचनमध्ये जाते.

तुम्ही येणार का?

तुमची
शमिका


भुसावळ
१८ मे २००४

चि. गौतमीस,
अनेक आशीर्वाद.

शमिकाला रागावशील तर माझ्याशी गाठ आहे. तिनं पत्र लिहिलं, पण तुझी लबाडी मला त्याआधीच कळली होती. पोरी, आल्याचा रस निवळू द्यायचा आणि खालचा साका टाकायचा, हे मी तुला लिहिलंच नव्हतं. साक्यासकट केलं असतंस तर सरबत घशाला चरचरलं असतं. तू लिहिलंस अळणी. म्हणजे तू स्टुलावरून पाहिलेलं काही विसरली नव्हतीस, आणि सरबत झक्क झालं होतं.

आता माझी लबाडी ऐक. ती गोष्ट मी मुद्दाम गाळली. तुझं बिघडेल, मग विचारायला पुन्हा पत्र टाकशील, एवढाच माझा डाव. तुझं पत्र आलं की मी ते जेवताना समोर ठेवतो. तुझी आई गेल्यापासून या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही, आणि हणमंतराव बोलतात ते मला ऐकू येत नाही. तुला नको म्हणून लिहिलं आणि आठ दिवस टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलो. म्हाताऱ्यानं असं वागावं का? पण वागलो खरा.

सव्वीस तारखेचं तिकीट काढलं आहे. सरबत करायला येत नाही, तुला ते येतं. बसून खायला येतोय. पहिल्या दिवशी अवघडेन, तेव्हा मला ओट्याशी येऊ देऊ नकोस.

आणि रणजीतरावांना माझा निरोप दे. एकोणतीस तारखेच्या शनिवारी विमलच्या नावाचा पेला त्यांनी पिऊ नये.

तुझा
बाबा