लाल कडं

४ मे

"रिपोर्ट तर अगदी स्वच्छ आहेत." डॉक्टरने असं सांगितलं की जणू मी परीक्षेत पहिली आले! गुडघे भोपळ्यासारखे सुजलेत, बरणीचं झाकण उघडत नाही, परवा भर बाजारात शेजारणीचं नाव आठवेना — आणि रिपोर्ट स्वच्छ. मग नेहमीचं सुरू. झोप लागते का? चालायला जाता का? मन कशात तरी रमवा. थोडक्यात काय, डोक्यातलं आहे.

नवरा, मेरिट, बाहेर गाडीत बसला होता. घरी येईपर्यंत बेसबॉलची मॅच ऐकली.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. माझं खसखशीएवढ्या गोचिडीच्या पावलांनी आलं. जायचं नाव नाही.

७ मे

चर्चच्या तळघरात आमची, गोचिडीच्या लाइम आजाराने धरलेल्यांची, बैठक. हिरव्या फिती लावलेल्या त्याच आठ-दहा बाया, तीच पातळ कॉफी. पण आज डॉर्कसबाई खुर्चीवरून उठूनच बोलल्या. जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे आमचा गटही वर्गासारखाच चालवतात. म्हणाल्या, विद्यापीठात नवा अभ्यास सुरू होतोय. वर्षानुवर्षं लाइमने पिचलेल्यांसाठी नवं औषध. उंदरांवर गुण आलाय, आता माणसं हवीत.

माणसं! इथे आहेत की, हवी तेवढी.

अट एकच. आजाराच्या सुरुवातीला अंगावर लाल कडं उठलेलं हवं — गोचीड चावते तिथून पसरत जाणारं, नेमबाजीच्या फळीसारखं. ते डॉक्टरने पाहिलेलं हवं, नाहीतर घरच्या कुणी पाहिल्याचं सही करून द्यायला हवं.

माझं कडं कुणीच पाहिलं नाही. कितीतरी लोकांना ते उठतच नाही, हे त्या विद्यापीठवाल्यांनाही ठाऊक आहे. पण त्यांना खात्रीची माणसं हवीत.

डॉर्कसबाई जाताना कानाशी म्हणाल्या, "अगं विनी, पाठीवर असेल. स्वतःची पाठ कुणाला दिसते? मेरिटला विचार. रोज तोच बघत होता ना?"

८ मे

बघत होता. इथे बर्फ वितळल्यापासून पानं गळेपर्यंत घरोघरी हेच चालतं. जेवणाआधी मागच्या ओसरीवर कपडे उतरवायचे आणि एकमेकांची पाठ, कानामागे, काखा, गुडघ्यांची लवण तपासायची. सापडलेली गोचीड चिकटपट्टीखाली दाबून, तारीख घालून फ्रिजवर लावायची. आमच्या खोऱ्यात नवरा-बायकोचं बोलणं एकवेळ बंद होईल, हे चुकत नाही.

मेरिटची बोटं दगडी भिंती रचून रचून खरखरीत झालीत. चष्मा आणि टॉर्च घेऊन असा बघतो की वाटावं, भिंतीत कुठे फट राहिली का ते शोधतोय.

आज तो बघत असतानाच विचारलं. "मी आजारी पडले त्या उन्हाळ्यात माझ्या पाठीवर काही लाल दिसलं होतं का रे?"

"नाही."

"जरा आठवून बघ."

"आठवलं. नाही."

१५ मे

भांडण. आजवरचं सगळ्यात मोठं.

मी कागद पुढे ठेवला. सही कर म्हटलं. त्याने दोनदा वाचला, घडी घातली आणि बशीखाली सरकवला.

"जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून कसं लिहून देऊ?"

"म्हणजे मी खोटी?"

"तू आजारी नाहीस असं मी कधी म्हटलंय? रात्रभर कण्हतेस, ऐकतो ना मी. कडं नव्हतं, एवढंच म्हणतोय. मी रोज बघत होतो, विनी."

"मग तुला बघताच येत नाही."

हे त्याला लागलं. लागावं म्हणूनच बोलले. नऊ वर्षांत पहिल्यांदा एक दार किलकिलं झालं, आणि दारात हा धर्मराज उभा! एक सही. कुणाचं वाटोळं होणार होतं?

"आजपासून माझ्या पाठीला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "आणि तुझी तू बघ."

"आपली पाठ आपल्याला दिसते होय?"

"नाही ना? मग."

१६ मे

ओसरीवर कुणी कुणाची पाठ पाहिली नाही. मी कपाटाच्या आरशात मान मुरडून स्वतःची पाहिली. निम्मीच दिसली.

२७ मे

राजधानीत सुनावणी. लांबलेल्या उपचारांचा खर्च विमा कंपन्यांनी द्यावा, असा कायदा करा म्हणून आम्ही भांडतोय. प्रत्येकीला तीन मिनिटं. नऊ वर्षं तीन मिनिटांत बसवायची म्हणून आठवडाभर काटछाट करत होते. आधी मुलांच्या शाळेची बस चालवणं सुटलं ते काढलं, मग बागेचं काढलं. माझ्या ऐन रंगात आलेल्या वाक्याला समितीतला एक जण सँडविचचा कागद सोडवत होता.

शेवटी त्यानेच विचारलं. "बाई, तुम्हाला ते लाल कडं उठलं होतं का?"

मी मागे वळून बघितलं. मेरिट शेवटच्या रांगेत, लग्नकार्याचा शर्ट घालून बसलेला. मान खाली, नजर बुटांवर.

"कुणी पाहिलं नाही," मी म्हटलं. तेवढ्यात घंटा झाली.

डॉर्कसबाईंनी परतीच्या वाटेत पाठीवरून हात फिरवला. मेरिटने वाटेत थांबून मला आवडतं ते क्लॅम शिंपल्यांचं सूप आणलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले, सूप गार झालं.

३ जून

सहीविनाच पाठवलेल्या अर्जाला विद्यापीठाचा नकार आला. भाषा फार गोड आहे. माझ्या सहनशक्तीबद्दल त्यांना आदर आहे म्हणे.

११ जून

स्ट्रॉबेरी आल्या. डावा हात मुठीत वळत नाही, म्हणून उजव्याने एकेक देठ काढत बसले होते.

मेरिट सध्या शेजारच्या होबार्टची पडकी भिंत उभी करतोय. झुडपांत बुजलेली जुनी भिंत. त्या फटींत उंदरांची वस्ती, आणि उंदीर तिथे गोचिडी. संध्याकाळी आला तो घामाने भिजलेला. ओसरीवर उभा राहून शर्टाची बटणं काढली. शर्ट खांद्यावरून थोडा खाली केला आणि पाठ माझ्याकडे करून उभा राहिला.

मी स्ट्रॉबेरी धूत राहिले. नळ मुद्दाम मोठा सोडला.

जरा वेळाने त्याने बटणं लावली आणि वर गेला.

२२ जून

मेरिटला दोन दिवस ताप. उन्हाळ्यातला फ्लू, म्हणतो. मी केलेलं सूप तसंच परत आलं. फिट्टंफाट!

१ जुलै

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेला दिसला. तोंड राखेसारखं.

"काय झालं?"

"दम लागतो. आणि भोवंडल्यासारखं होतं."

"डोक्यातलं असेल," मी म्हटलं. "चालायला जात जा. मन रमव कशात तरी."

तो हसला. खरंच हसला! "फी किती झाली, डॉक्टरीणबाई?" आणि कठडा धरून उठला.

आता इथे खोटं कशाला लिहू? शंका मला आली. नऊ वर्षं हाच धडा घोकतेय मी, तळघरात नव्या बायांना मीच समजावते, ताप आणि चक्कर म्हटलं की आधी काय विचारायचं ते. शर्ट काढ, एवढं म्हणायचं होतं. पण मला आधी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं — विनी, असेलही कडं, माझीच नजर चुकली असेल. एवढं म्हणू दे, मग बघते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. थोडं कळू दे त्यालाही.

४ जुलै

नदीवर स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी. दरवर्षी ट्रकच्या मागे घोंगडी टाकून बघतो. यंदा तो आठ वाजताच झोपला. मी ओसरीवर एकटीच बसले. आवाज ऐकू आले, झाडांमुळे दिसलं काही नाही.

५ जुलै

सकाळी त्याने माझ्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवली आणि कामावर गेला. हे तो अजून रोज करतो.

६ जुलै

होबार्टच्या भिंतीशी कोसळला. होबार्टने रुग्णवाहिका बोलावली. नाडी तिशीवर आली होती. हृदयापर्यंत तार घातलीय, तिच्यावर ठोके चाललेत. औषध शिरेतून सुरू केलं. वाचतील, म्हणाल्या डॉक्टर. त्यांनी रिपोर्टची वाटसुद्धा बघितली नाही. बघायची गरजच नव्हती. नर्सने त्याला कुशीवर वळवलं, तर खांद्यापासून कमरेपर्यंत तीन कडी. लाल, मध्ये फिकट, आमच्या पत्रकावरच्या चित्रासारखी. सगळ्यात मोठं फिकुटलेलं, जुनं.

नर्स पोरगीच होती. रागावून नाही, सहज म्हणाली, "घरी यांची पाठ कोण बघतं?"

मी म्हटलं, "मी."