कोपरापर्यंतच्या बाह्या

आई, आता तू कोणाला सांगू शकत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

हुडकेश्वरच्या घरात समोरच्या खोलीचा अर्धा भाग तू जुन्या साडीचा पडदा लावून वेगळा केला होतास. आत तुझं मशीन, बाहेर बाबांची खुर्ची. बाया ब्लाउजचं माप द्यायला यायच्या आणि मन मोकळं करून जायच्या. कोणाची सासू छळायची, कोणाचा नवरा पिऊन यायचा. तुझ्या तोंडात टाचण्या, त्यामुळे तू नुसती 'हं, हं' करायचीस. बाबा जरा डोकावले की ओरडायचीस, "बाया हायेत आत, तिकडंच बसा!" शेजारची एकजण एकदा रडत म्हणाली, "काकू, कोणाले सांगू नका बाप्पा." तू म्हणालीस, "माह्यापाशी आलं ते माह्यासंगच जाईन." आणि खरंच, तू कोणाचं काही बाहेर जाऊ दिलं नाहीस. मला काय अभिमान वाटायचा तुझा!

मग लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासरहून, मौद्याहून आले. बाहीचं माप घेताना तुला माझ्या दंडावरचे वळ दिसले आणि टेप तिथेच थांबला. मी सगळं सांगितलं. तो मारतो, आणि मी तिकडे परत जाणार नाही, हेही सांगितलं. तू 'हं' म्हणालीस, पाठीवरून हात फिरवलास. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर नवरा बाबांच्या खुर्चीत बसून चहा पितोय! तूच निरोप धाडला होतास. माझं एकूण एक बोलणं त्याच्यापुढे मांडून वर म्हणालीस, "पोरगी हट्टी आहे, जावईबुवा, सांभाळून घ्या."

मी तुला मोरीपाशी गाठलं. "काहून सांगितलं त्याले?"

"त्या लोकाच्या बाया हायेत," तू म्हणालीस. "तू पोटची आहे. तुह्यं घर मोडताना मी गप राहू काय?"

दुपारी तू शिवलेलं ब्लाउज हातात दिलंस. बाह्या कोपरापर्यंत, कोणाला काही दिसू नये म्हणून. वा गं आई! त्या बाह्यांखाली मी वर्षानुवर्षं काढली. तू गेल्यावरच त्या घरातून निघता आलं मला, कारण मला परत पोचवणारं कोणी उरलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात ऑफिसात आम्हा बायकांसाठी ट्रेनिंग होतं. पुण्याहून आलेल्या पोरीने खुर्च्या गोल मांडल्या आणि 'सेफ स्पेस' म्हणजे काय ते समजावलं. जिथे न घाबरता बोलता येतं, जिथे कोणी तुम्हाला चूक ठरवत नाही, जिथलं बोलणं बाहेर जात नाही. मला हसूच फुटलं. तुझा पडदाच की तो, फक्त पोटच्या पोरीला आत जागा नव्हती. मग तिने विचारलं, तुमच्यासाठी असं कोण आहे? एकेक जण सांगू लागली, आई, माझी आई, आईच. एकीला तर हुंदका आला. मी चांगलं झोंबणारं उत्तर तयार ठेवलं होतं. माझा नंबर आला आणि मीही म्हटलं, आई.

माफ केलं, असं भलतंच काही समजू नकोस. दुसऱ्या कोणाचं नावच सुचलं नाही.