लाल पोटाची सुवासिनी

५ जानेवारी १९८६, रविवार
श्री गजानन प्रसन्न. पक्षीमंडळाबरोबर बोरिवलीच्या जंगलात. ज्या पक्ष्यांची मराठी नावं मंडळाला ठाऊक नाहीत, त्यांना नावं सुचवा, असं सहदेवसरांनी सांगितलं. निवडलेलं नाव मंडळाच्या पुस्तिकेत, खाली सुचवणाऱ्याचं. तेवढ्यात दर्शन! काळं डोकं, गळ्यात पांढरी सरी, पोट कुंकवासारखं लाल. इंग्रजीत म्हणे ट्रोगॉन. शी! अर्धा तास आमच्याकडे पाठ करून बसली. मोठ्या घरची. मी नाव ठेवलं: सुवासिनी. खाली छापणार ‘सौ. नलिनी परब’. मॅट्रिकच्या निकालानंतर प्रथमच.

१२ जानेवारी
आज सुवासिनीच्या शेजारी एक मातकट पाखरू. नवरा असणार. रंग उडालेला, तोंड पाडून बसलेला. घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बिचारा! ती बोलू देत नसेल." आजपासून चिडायचं नाही.
संध्याकाळी चिडले.

१५ जानेवारी
संक्रांत झाली. रविवारी तिच्या झाडाखाली हळदीकुंकू ठेवते, मंडळाला डबाभर तिळगूळ नेते. मग सरांची काय टाप आहे नाव नाकारायची!

१९ जानेवारी, दुपार
सात जणी आल्या. शेजारची वनमाला म्हणाली, "नलू, पाखराला कुंकू कोण लावणार गं?" म्हटलं, दुरून वाहायचं, देवीला वाहतो तसं. वाहिलं. पाठ करूनच स्वीकारलं. इतक्यात सर धावत आले. "अहो परबबाई, लाल तो नर! मातकट ती मादी!" वनमालाने पदर तोंडात कोंबला. "अगं, बाप्याला हळदीकुंकवाला बोलावलंस!"
हरकत नाही. मातकट ती सुवासिनी. लाल तो यजमान. एकाऐवजी दोन नावं छापून येतील.

२६ जानेवारी
जंगलातला वाटाड्या खंडू म्हणाला, ह्याला आम्ही कर्णा म्हणतो, आजोबांच्या आधीपासून. मग इतके दिवस गप्प का रे? "विचारलंत कुठं? तुम्ही नाव ठेवत होता." आणि त्याच्या बायकोला? "तिलापण कर्णाच."
सर खंडूचं ऐकणार नाहीत. मी मॅट्रिक आहे.

१६ फेब्रुवारी
पुस्तिका आली. पान चार: कर्णा. खाली खंडूचं नाव. माझं शोधलं. सापडलं, शेवटच्या पानावर, अगदी तळाला: ‘तिळगुळाबद्दल आभार: सौ. काशीराम परब’.
ह्यांनी दोनदा मोठ्याने वाचलं. "माझं नाव छापून आलं!" म्हणत पुस्तिका घेऊन वनमालाकडे दाखवायला गेलेत. अजून आले नाहीत.