सगळेच जिवाणू जगले

लॉस बान्योस, ४ मार्च

झालं! बशीभर जिवाणूंचे ठिपके! भाताला करपा लागू देणारं जनुक कापायचंय. पण जनुक कापणाऱ्या रेणूंच्या कात्रीला ‘इथे काप’ सांगणारा डीएनएचा तुकडा आधी जिवाणूंत वाढवून घ्यावा लागतो. तो एका गोल डीएनएत जोडला आणि तो अख्खा गोल जिवाणूंना दिला. त्या गोलातच अँटिबायोटिक पचवायची ताकद असते — ज्यानं गोल घेतला तोच बशीत जगणार, बाकीचे मरणार. आणि माझे किती जगले!

प्रयोगशाळेच्या प्रमुख पाग्लिनावान मॅडमनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. माझ्या जोडीला काम करणारा क्रिसांतो ओरडला, “लुदिविना, आज पान्सित नूडल्स तुझ्याकडून! कंजूषपणा नको!”

७ मार्च

एकाही ठिपक्यात तुकडा नाही.

मग काहीच न दिलेले साधे जिवाणू तसल्याच बशीत टाकले. तेही मजेत वाढले! म्हणजे बशीत अँटिबायोटिकच नाही. बशांत जिवाणूंचं खाद्य आम्ही दोघांनी ओतलं, त्यात ते औषध घालायचं मी. तेव्हा आईशी फोनवर बोलत होते... विसरलेच असणार.

८ मार्च

“औषध कोण घालणार होतं?” मॅडमनी विचारलं. क्रिसांतो म्हणाला, “माझ्याकडून राहिलं असेल, मॅडम.”

मी गप्प. गप्प!

बाहेर आल्यावर म्हणतो, “तुझं जपानला शिकायला जायचं ठरतंय ना? मला काय, बोलणी खायची सवय आहे.”

१२ मार्च

नुसती बोलणी नाहीत. त्याचं कंत्राट वाढवलं नाही. “एवढं साधं जमत नाही, त्याच्या हाती रोपं कशी देऊ?” — मॅडम.

समार बेटावर, घरी चाललाय. त्याचं खोकं जीपनीच्या थांब्यापर्यंत मीच उचललं. त्यानं केळीच्या पानातला चिकट भाताचा सुमान अर्धा मोडून मला दिला. मी खाल्लासुद्धा. लाज कशी वाटली नाही?

१५ मार्च

मॅडमना सांगितलं. सगळं.

“आज का?” एवढंच म्हणाल्या. मी उठले. “जाताना दार लावून घे.”

१८ मार्च

मॅडमनी स्वतः बशा ओतल्या, त्याच बाटलीतलं औषध घालून. साधे जिवाणू तरीही वाढले. औषधच निकामी झालेलं!

विसरले नव्हतेच मी. त्या दिवशी नुसतं “मी घालणार होते, घातलं की नाही आठवत नाही” म्हटलं असतं, तर मॅडमनी बाटली तेव्हाच तपासली असती.

क्रिसांतो फोन उचलत नाही.