शेजारच्या सीटवर कोण होतं

८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन असताना हा कागद का खरडतोय, असं म्हणशील. पण तुमचा फोन दुकानात, दुकानात दाजी, आणि दाजींचे कान असे की भिंतीवरच्या वीस घड्याळांतलं एक अडखळलं तरी मान वर न करता त्यांना कळतं. त्यांच्या देखत तुला हो-नाही करावं लागू नये म्हणून लिहितो.

कालची सहल छान झाली. पस्तीस माणसं आणि माझ्या शेजारच्या सीटवर पाण्याचा पिंप. मास्तरीणबाईंनी जाताना सगळ्यांकडून पाढे म्हणून घेतले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी समोर दोन ओळींत माणसं बसलेली दिसली की त्यांना राहवत नाही. दूधवाल्याने दुपारपासूनच घाई लावली. धारेच्या वेळेला परत पोहोचलो नाही तर जनावरं त्याला घरात घेणार नाहीत, असं तो दर महिन्याला सांगतो.

आपली पद्धत तुला ठाऊकच आहे. पूर्वी आम्ही डोकी मोजायचो. एकदा डोकी बरोबर भरली आणि गावात आल्यावर कळलं, की त्यातलं एक झोपलेलं डोकं दुसऱ्याच गाडीचं होतं आणि आपला शिंपी त्या गाडीतून भलत्याच गावाला गेला होता. तेव्हापासून मोजणं बंद. निघताना मी दारात उभा राहतो आणि विचारतो, शेजारी आला का? ज्याने त्याने बाजूला बघायचं आणि हो म्हणायचं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास ओरडतं, दाजी आले का? आणि सगळी गाडी हसते. तीन वर्षं झाली, अजून हसते.

आता मुद्द्याचं. मार्चच्या पहिल्या रविवारी सहल तुमच्या बंदरावर आणायची म्हणतोय. आईने हट्ट धरला आहे. तुझं दुकानावरचं नवं घर तिने पाहिलेलं नाही. ऐंशी पूर्ण झाली, गुडघे कुरकुरतात, पण तुझ्या जिन्याच्या पायऱ्या किती हे विचारून तिने गिरणीच्या ओट्यावर चढ-उतार सुरू केली आहे. दळण टाकायला आलेली माणसं बाजूला उभी राहून तिला वाट देतात.

तू दाजींशी बोल. तीन वर्षांपूर्वीच्या त्या सहलीत तलावावरच्या चहाच्या टपरीत भिंतीवरचं घड्याळ मागे पडलेलं त्यांना दिसलं, ते स्टुलावर चढून ते दुरुस्त करत बसले आणि गाडी निघाली. यात कुणाचा दोष काढायचा? बारा किलोमीटरवर लक्षात येताच गाडी वळवून त्यांना आणलंच की. एवढ्याशा गोष्टीसाठी तीन वर्षं त्यांनी आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवलेला नाही, आणि तू आलीस तरी एकटी येतेस, एका रात्रीपुरती. जेवताना ताटं मांडली की आई ती मोजते.

कळावे. तुझी माया आहेच, तीत खंड नको.

तुझा,
धाकटा


१६ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. पोस्टमनने ते नेमकं यांच्याच हातात दिलं, तेव्हा तुझी हुशारी पहिल्याच पायरीवर घसरली. यांनी पाकीट न उघडता वर आणून दिलं आणि एवढंच म्हणाले की अक्षराला पिठाचा वास येतो.

आई येणार हे वाचून मी दोन दिवस हवेत आहे. जिना एकोणीस पायऱ्यांचा आहे, मधे एक वळण. वळणावर खुर्ची ठेवते. खिडकीतून बोटी दिसतात, ती तिथून उठणारच नाही.

आता यांचं सांगते. आईबद्दल यांचं काहीच म्हणणं नाही. त्यांनीच जिन्याला कठडा बसवायचं ठरवलं आहे, सुताराला बोलावलंसुद्धा. पण तुझी गाडी आपल्या गल्लीत थांबणार असेल तर त्या दिवशी दुकान बंद करून दिवसभर बाहेर राहीन, असं म्हणाले. आवाज चढवला नाही. तुला माहीत आहे, हे चिडले की हळू बोलतात आणि चष्मा पुसतात. चष्मा बराच वेळ पुसला.

मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, की तुझ्या भावाला एवढंच विचार, त्या दिवशी माझ्या शेजारच्या सीटवर कोण होतं.

मी त्या दिवशी आईजवळ घरी थांबले होते, मला कसं माहीत असणार? म्हणून विचारते. कोण होतं रे?

घरी सगळ्यांना माझे आशीर्वाद. वहिनीला सांग, आईला स्टुलावर चढू देऊ नकोस.

तुझी,
ताई


२२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोहोचलं. कठड्याचं वाचून आईला फार आनंद झाला. तिने तो मजकूर तीनदा वाचून घेतला. बारावी पायरी आता ती धापा न टाकता चढते. ओटा सहाच पायऱ्यांचा आहे, म्हणून दोनदा चढते.

सीटच्या याद्या भरल्या. ड्रायव्हरने नवे पडदे लावले आहेत, निळे. मास्तरीणबाईंनी बंदराचा नकाशा काढून आणला, त्यात बोटींपेक्षा शौचालयं जास्त दाखवली आहेत, आणि त्यांचंच बरोबर आहे. दूधवाला समुद्र बघायला येणार, पण समुद्र अर्ध्या तासात बघून होईल असं त्याचं मत आहे. गिरणीचा पट्टा बदलला. इकडे थंडी बरी आहे.

दाजींच्या शेजारी कोण होतं ते आता नेमकं आठवत नाही. जुनी गोष्ट झाली. तू त्यांची समजूत घाल, तुझं ऐकतात.

बाकी क्षेम. माया आहे तशी असू दे.

तुझा,
धाकटा


२७ जानेवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

कुठल्या सहलीत, कुठल्या वळणावर, कुणाच्या पोटातून काय बाहेर आलं हे तुला वर्षानुवर्षं तोंडपाठ असतं. शिंपी कुठल्या गाडीत चढला होता त्या गाडीचा रंग तू मला सांगितला होतास. आणि स्वतःच्या मेव्हण्याशेजारी कोण बसलं होतं ते आठवत नाही?

तुझ्या पहिल्या पत्रातला पाण्याचा पिंप मी आता पुन्हा वाचला. पूर्वी तो मागे शिडीजवळ असायचा.

यांनी घर सोडून बाहेर बसायचं आणि मी आईला खिडकीतून बोटी दाखवायच्या, हे माझ्याच्याने होणार नाही. हे घर दोघांचं आहे. काय ते आधी नीट कर, नाहीतर आईला आणू नकोस. तिला काय सांगायचं ते तूच ठरव.

सुतार आज कठडा बसवून गेला. यांनी स्वतः घासून गुळगुळीत केला.

ताई


६ फेब्रुवारी

ती. दाजींना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायला तीन वर्षं लागली. कागद घेऊन दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा गिरणीवर गिऱ्हाईक आलं असं स्वतःला सांगून उठलो. आज गिरणी बंद ठेवून लिहितोय.

तुमच्या शेजारी मी होतो. हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही पहिल्या क्षणापासून ठाऊक आहे. त्या दिवशी मी दारात उभा राहून विचारलं, सतरा जोड्यांनी हो म्हटलं. अठरावी जोडी आपली. मला विचारणारं कुणी नव्हतं आणि मी वळून आपल्या सीटकडे पाहिलं नाही. गाडी साडेतीनला सोडायची होती, मी तीन चोवीसला सोडली, धारेची कटकट थांबावी म्हणून. तुम्ही वेळेवर होता. तुमच्या हातात सहा मिनिटं शिल्लक होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती चूक होती. परत आलो तेव्हा तुम्ही टपरीच्या पायरीवर शांत बसला होता. तेव्हा खाली उतरून हात जोडायचे, तर मी गाडीकडे वळलो आणि म्हणालो की आमच्या दाजींना घड्याळ दिसलं की वेळेचं भान राहत नाही. लोक हसले, मला सुटल्यासारखं वाटलं. ती गोष्ट पुढे मीच रंगवून सांगत राहिलो, आईलासुद्धा.

रोज सकाळी देवापुढे बसतो, आदल्या दिवसाच्या लहानसहान चुका सांगतो. ही तेवढी बाजूला ठेवत आलो. तिथे एकदा कबूल केली की तुमच्यापुढेही करावी लागणार, हे मनाला कळत होतं.

परवा रविवारच्या सहलीत, निघण्याआधी, मी दारात उभा राहून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं लोक चकित होतील. कुणीही झालं नाही. दूधवाल्याने पिंपातून पाणी घेतलं. मग मास्तरीणबाई जागेवरूनच म्हणाल्या, "दाजी आले का, हे आम्ही तीन वर्षं तुम्हालाच विचारत होतो. बाकी सगळ्यांचे शेजारी आलेले होते."

म्हणजे गाडी तुम्हाला हसत नव्हती. मला टोचत होती, आणि मी त्यांच्याबरोबर हसत होतो.

आई यावी म्हणून हे लिहीत नाही. सहल दुसरीकडे नेतो, यादी बदलतो. दुकान तुम्ही माझ्यामुळे बंद ठेवू नये एवढीच विनंती.

तुमची क्षमा मिळो न मिळो, माझा नमस्कार पायांशी पोहोचो.

आपला,
धाकटा


१३ फेब्रुवारी

रा. रा. सहलप्रमुख यांस,
स. न. वि. वि.

पत्र वाचलं. दोन दुरुस्त्या. गाडी तीन चोवीसला नव्हे, तीन तेवीसला सुटली. टपरीचं घड्याळ मी तेव्हा नुकतंच बरोबर लावलं होतं. आणि मी शांत बसलो नव्हतो, शांत दिसत होतो.

मागे राहिल्याचा राग दुसऱ्या दिवशीच गेला होता. टपरीवाल्याने मला दोन कप चहा पाजला. पण बंदरावर आलेल्या तुमच्या गावच्या एका माणसाने माझ्या दुकानात पट्टा बदलून घेताना मला विचारलं, ते गाडी चुकलेले दाजी तुम्हीच ना? माझ्या हातात त्या वेळी त्याचंच घड्याळ होतं. तेव्हापासून त्या गाडीतल्या प्रत्येक माणसावर मी मनातल्या मनात चिडलो आहे. आता तुझ्या पत्रावरून दिसतं की त्यांनी तीन वर्षं माझी बाजू घेतली. हा हिशेब उलटा झाला. त्यांना मी काही बोललो नाही, पण मनात पुष्कळ बोललो. ते मला समक्ष परत घ्यायला हवं, आणि ते काम मी तुझ्यावर सोपवणार नाही.

तेव्हा सहल इकडेच आण. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबते, वळायला जागा आहे. अकरा दहाला या. लवकर येऊ नका.

आईंना माझा नमस्कार. कठडा डाव्या हाताचा आहे. त्यांना उजवा लागत असेल तर आठ दिवसांत कळव.

क्षमेचं समक्ष बोलू.

तुझा,
दाजी


५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गावी सुखरूप पोहोचलास असं गृहीत धरते. तुला घाम फुटला असणार, म्हणून घाईने लिहिते.

आई एकोणीस पायऱ्या एका दमात चढली. वळणावरच्या खुर्चीकडे तिने अशी नजर टाकली की मी ती मुकाट्याने उचलली. जेवून खिडकीशी बसली ती बसलीच. तू न्यायला वर आलास तेव्हा तिने तुला काय सांगितलं ते मी ऐकलं. गुडघ्यांना चढायचं शिकवलं होतं, उतरायचं शिकवायला महिना लागेल. तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्यानंतरचं आम्ही दोघींनी खिडकीतून पाहिलं. तू पिशव्या ठेवत होतास. हे दुकानातून निघाले, तसेच, भिंग गळ्यात, बाह्या वर. मला म्हणाले होते की दोन मिनिटं गाडीत चढून लोकांना नमस्कार करतो आणि उतरतो. चढले. काचेतून दिसत होतं, मधे उभे राहून काहीतरी बोलत होते, चष्मा पुसत होते. मास्तरीणबाईंनी त्यांना बसायला सांगितलं असावं, कारण त्यांना नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. तुझ्या शेजारची आईची सीट रिकामी होती. बसले. मग तू दारात उभा राहिलास, सगळी डोकी बाजूला वळली, तूसुद्धा वळलास, आणि गाडी निघाली.

मी धावत खाली जाणार होते. आईने माझा पदर धरला. गाडी वळली तेव्हा यांनी खिडकीतून वर पाहिलं आणि हात हलवला. त्यांना उतरायचं असतं तर त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं असतं. म्हणजे हे आपणहून बसून राहिले की तुम्ही दोघे ठरवून गेलात, ते मला सांगू नका. मला असंच आवडलं आहे.

शटर मी ओढलं. सहा घड्याळं टेबलावर उघडी पडली आहेत, गिऱ्हाइकांना मी सांगितलं की कारागीर माहेरी गेले आहेत.

आता नीट ऐक. चहात साखर अर्धा चमचा. पंखा दोनवर. रात्री उशी एकच, पण कडक. कपडे आणि दाढीचं सामान आजच्या पार्सलने पाठवते. गिरणीच्या मोटरचा आवाज त्यांना बिघडलेला वाटेल, ती उघडतील, उघडू दे. आई इथे आहे तोवर त्यांना परत पाठवू नकोस, आणि आई इतक्यात निघणार नाही.

घरी सगळ्यांना आशीर्वाद. एरवी लोभ ठेव म्हणून लिहिते. या खेपेला तो माणूस करून पाठवला आहे, सांभाळून ठेव.

तुझी,
ताई