मागची खोली त्यालाच

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, पूर्वीचा धंदा कोर्टात टंकलेखन, हल्लीचा काही नाही, धर्म ख्रिस्ती, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दडपण आणायचा प्रयत्न झाला नाही असे मात्र नाही. ते पुढे येईलच. चौतीस वर्षे मी इतरांची मृत्युपत्रे टंकली. मरणाच्या दारातला माणूस गोड बोलतो हा गैरसमज आहे, हे मला तेव्हाच कळले. याआधी मी काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, म्हणजे पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि गच्ची, माझ्या मुलीला. बँकेत जे असेल तेही तिलाच. यावर कसलीही अट नाही. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, एखादी अट घाला, म्हणजे ती नंतर भांडायची नाही." भांडू दे. माझी मुलगी आहे, तिला भांडता येते.

कलम २. गल्लीकडे दार असलेली मागची खोली, आतल्या दुरुस्तीच्या टेबलासह आणि माझ्या मुलाच्या हत्यारांच्या पेटीसह, पक्कड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इसमास. तिथे तो पंखे, इस्त्र्या, मिक्सर दुरुस्त करतो आणि माझ्या मागेही करील. या खोलीवरून घरात सहा वर्षे धुसफूस चालू आहे, म्हणून कारण लिहिते.

माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. पक्कड त्याचा जोडीदार. त्या कामात शिस्त अशी, की लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरणाऱ्याने मेन स्विचचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि वर आल्यावर स्वतःच लावायचा. मुलगा उतरताना रबरी बूट चढवायचा आणि चपला लिफ्टच्या दारात ठेवायचा. चपला दिसल्या की माणूस आत, अशी या दोघांनी आपापसात खूण धरली होती, आणि खुणेवर विसंबून हाक मारायची सवय मोडली होती. त्या दिवशी जिना पुसणाऱ्या बाईने चपला उचलून बादलीमागे सारल्या. पक्कड वरून आला, चपला दिसेनात, त्याला वाटले हा चहाला गेला. त्याच्या खिशात जादाचा फ्यूज होता, तो त्याने लावला आणि लिफ्ट खाली आली. माझा मुलगा एकतीस वर्षांचा होता.

पक्कडने कोर्टात काही लपवले नाही. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून सांगितले, की चूक याचीच आहे, कोर्टाने काय ती शिक्षा द्यावी, आणि मी याला क्षमा केली आहे. ज्या खोलीत मी जन्मभर लोकांच्या जबान्या टंकल्या, त्याच खोलीत माझी जबानी टंकताना नव्या टंकलेखकाचा हात थांबला. "थांबू नकोस," मी म्हटले, "जसं बोलले तसंच लिही."

शिक्षा त्याने पुरी भोगली. सुटल्यावर त्याला कोणी दारात उभे करेना. मी मागच्या खोलीची किल्ली दिली. तेव्हापासून दर रविवारी उपासनेनंतर तो माझ्या टेबलावर जेवतो.

मुलगी म्हणाली, "आई, तू दादाचा जीव कवडीमोल केलास." बॅग भरली आणि गेली. चर्चच्या मंडळीतले ज्येष्ठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "क्षमा मनात करायची असते बाई, ताटात वाढायची नसते."

कलम ३. या ज्येष्ठांना मी देवळात पुढच्या बाकावर वापरते ती उशी. फार वर्षे कडक जागी बसून त्यांची ही अवस्था झाली असावी. ख्रिस्ताने क्षमा करायला सांगितले तेव्हा "घरच्यांची संमती असल्यास" असे पोटकलम जोडले नव्हते. माझे आयुष्य पोटकलमे टंकण्यात गेले. असते तर माझ्या नजरेतून सुटले नसते.

कलम ४. माझी शिडी धाकट्या दिरांना. अकरा वर्षांपूर्वी ती त्यांनी दोन दिवसांसाठी नेली. आता ती त्यांचीच, म्हणजे निदान माणसाला वर चढताना लाज वाटायला नको. मुलाला मारणाऱ्याला मी क्षमा केली, पण शिडीचे अजून जमलेले नाही, हे प्रभूला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात हेच दीर निरोप घेऊन आले. "वहिनी, पोरगी यायला तयार आहे. फक्त त्याला काढा. लेकीपेक्षा तो जास्त झाला का?"

ते गेल्यावर मी दुसरे कलम वगळून मृत्युपत्र टंकले. खोटे कशाला बोलू? कागद स्वच्छ दिसत होता. लेक दारात उभी दिसावी म्हणून मी काय दिले नसते? सही करण्याआधी मी प्रार्थनेला बसले नाही, कारण उत्तर काय येईल ते मला माहीत होते. दोन दिवस कागद सहीशिवाय तसाच ठेवला, मग फाडला. लेकीला आत घेण्यासाठी प्रभूला घराबाहेर काढायचे, हे मला जमणारे नाही. कोणाला राग येवो.

कलम ५. हे फक्त मुलीसाठी. बाळा, तुला वाटते मला हे सोपे गेले. रविवारी तो दार वाजवतो तेव्हा मी कडीला हात लावून उभी राहते. पहिल्या दिवशी आली होती तीच चीड येते. कधी इतका वेळ जातो की भाजी गार होते, आणि तो पलीकडे गुपचूप उभा असतो, दुसऱ्यांदा वाजवत नाही. क्षमा मी एकदा करून मोकळी झालेली नाही. सहा वर्षांचे सगळे रविवार ती पुन्हा पहिल्यापासून करते आहे. तुझ्या दादाचा जीव स्वस्त असता तर एकदाच पुरली असती.

कलम ६. माझी शवपेटी चौघांनी उचलावी. मागे दीर आणि शेजारचे कंपाउंडर. पुढे डाव्या कोपऱ्याला पक्कड, उजव्या कोपऱ्याला माझी मुलगी. बायका खांदा देत नाहीत असे ज्येष्ठ म्हणतील. त्यांना म्हणू द्यावे. मुलगी आली नाही तर तिच्या जागी कोणालाही लावू नये. तिघांनीच न्यावी. तोल जाईल, जड होईल, वाटेत पुन्हा पुन्हा खाली ठेवावी लागेल. ठेवावी, आणि थांबावे. मला घाई नाही.

वरील मजकूर मी स्वतः टंकला, दोनदा वाचला, आणि एकही शब्द खोडलेला नाही.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: शेजारचे कंपाउंडर. "पुन्हा विचार करा" असे म्हणाले नाहीत, म्हणून निवडले. (सही)
साक्षीदार दुसरे: देवळाची घंटा वाजवणारे. त्यांना यातून काही मिळणार नाही, तरी आले. (सही)

स्थळ: माझी पुढची खोली
दिनांक: अकरा ऑक्टोबर